वासरू जन्मण्याआधी वाणाची पारख



एकाच गाईच्या, एकाच वळूपासून झालेल्या दोन कालवडी. गोठा एक, चारा एक, खुराक एक. तरी थोरली पहिल्या वेताला बारा लिटर देते आणि धाकटी सातावरच अडते. असं अनेकांच्या गोठ्यात घडतं. वासराला आईकडून अर्धे आणि बापाकडून अर्धे गुण मिळतात. पण कोणता अर्धा वाटा पदरात पडेल, हे दर वासराला वेगळं असतं. म्हणून सख्ख्या बहिणीही सारख्या निघत नाहीत.

पूर्वी ही पारख करायला कालवड विण्याचीच वाट पाहावी लागे. वळूची पारख तर त्याच्या लेकी दुधावर आल्यावरच, म्हणजे सहा-सात वर्षांनी होई. आता वासरू जन्मण्याआधी, सात दिवसांच्या गर्भावरच अंदाज घेता येतो. याला गर्भाची जनुकीय निवड म्हणतात.

ही निवड कशी होते?

१. चांगल्या दुधाच्या दाता गाईच्या बीजांडकोशातून सुईने स्त्रीबीजं काढतात. प्रयोगशाळेत निवडक वळूच्या रेताशी त्यांचा संयोग घडवतात.

२. सातव्या दिवशी गर्भ शंभरेक पेशींचा होतो. ज्या भागापासून पुढे वार बनते, तिथल्या मोजक्या पेशी काढून घेतात. गर्भ द्रवरूप नत्रात गोठवून ठेवतात.

३. काढलेल्या पेशींतील जनुकं ‘चिप’वर वाचतात. चिप म्हणजे हजारो खुणा एकदम तपासणारी काचेची पट्टी. त्यावरून कालवड की गोऱ्हा, दुधाचा अंदाज आणि काही आनुवंशिक दोष कळतात. होल्स्टिनमध्ये ‘ब्लॅड’ नावाचा दोष आहे. आई-बाप वरून धडधाकट दिसतात, पण दोघांकडून तो आला तर वासरू रोगाशी झुंजू शकत नाही.

४. सरस ठरलेला गर्भ दाई गाईच्या गर्भाशयात, तिच्या माजानंतर सातव्या दिवशी ठेवतात. दाई गाय वासराला पोसते. वाण मात्र दाता गाय आणि वळू यांचाच.

खरी मेख नोंदीत आहे

आता तुम्ही म्हणाल, चिपला दूध कसं कळतं? बरोबर विचारलंत. चिपला दूध कळत नाही, फक्त खुणा कळतात. कोणत्या खुणेच्या गाई जास्त दूध देतात, हे आधी हजारो गाईंच्या नोंदींवरून ठरवावं लागतं. ही रीत २००१ साली म्यूविसेन, हेज आणि गोडार्ड या शास्त्रज्ञांनी मांडली. अमेरिकेत २००९ पासून होल्स्टिनसाठी ती अधिकृतपणे वापरात आली, कारण तिथे पिढ्यान् पिढ्यांच्या दुधाच्या नोंदी तयार होत्या.

तिथल्या होल्स्टिनचा ताळा आपल्या गीर, देवणी किंवा लाल कंधारीला जसाच्या तसा लागू पडत नाही. वाण बदलला की खुणांचा अर्थ बदलतो. म्हणून आपल्या जनावरांसाठी वेगळी चिप तयार झाली. गाईंसाठीची ‘गौ चिप’ ५ ऑक्टोबर २०२४ रोजी आपल्याच वाशीममध्ये देशाला अर्पण झाली. पण चिप कितीही चांगली असली, तरी तिच्यामागे नोंदी हव्यात, आणि त्या गोठ्यातूनच येणार!

तेव्हा आज हे करा

• प्रत्येक जनावराच्या कानात बारा अंकी बिल्ला असू द्या. रेतनाच्या वेळी वळूचा क्रमांक लिहून घ्या.

• महिन्यातून एक दिवस सकाळ-संध्याकाळचं दूध मोजा आणि वहीत लिहा. गाय आटेपर्यंत खंड पडू देऊ नका. आकडा वाढवून लिहिलात तर पारख चुकेल आणि नुकसान आपलंच होईल.

• दाई म्हणून निरोगी, नियमित माजावर येणारी, अंगाने भरलेली गाय निवडा. लहान चणीच्या कालवडीत मोठ्या वाणाचा गर्भ ठेवू नका, विताना अडेल. सांसर्गिक गर्भपाताची तपासणी आधी करून घ्या.

• पैसे देण्यापूर्वी विचारा: दाता गाईचा बिल्ला क्रमांक कोणता? तिचं वेताचं दूध किती? वळू कोणता? गर्भाची तपासणी झाली असेल तर ती कोणत्या वाणाच्या नोंदींवर? पैसे गर्भ ठेवल्याचे, की गाय गाभण ठरल्याचे? उत्तरं लेखी घ्या. ठेवलेला प्रत्येक गर्भ टिकत नाही. निम्म्याहून अधिक गाई उलटू शकतात.

• एकाच नामांकित वळूच्या मागे सगळं गाव लागू नये. जवळच्या रक्ताचा संकर झाला की लपलेले दोष वर येतात.

शेवटी एक ध्यानात ठेवा. गाई-गाईंच्या दुधात जो फरक दिसतो, त्यातला साधारण पाव हिस्साच वंशाचा असतो. बाकीचा चारा, पाणी, सावली आणि निगा यांचा. उत्तम गर्भातून आलेली कालवड कोरड्या कडब्यावर बादली भरणार नाही.

गावपातळीवर गर्भाची अशी तपासणी अजून सर्रास होत नाही. गर्भ प्रत्यारोपणाची माहिती जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. जाताना दुधाची वही मात्र सोबत न्या. वही नसेल, तर आज संध्याकाळच्या धारेपासून सुरू करा.