बिल्ला आधी पालथा करा

आकार साधारण एक रुपयाच्या नाण्याएवढा. पुढच्या बाजूला पिवळट पडलेल्या छायाचित्रात उंच कॉलरच्या गणवेशातला बेसबॉलचा खेळाडू. पालथा केला की पत्र्याच्या कडेत अडकवलेली तारेची टाचणी आणि तिच्याखाली एक गोल कागद, त्यावर बारीक अक्षरांत पेटंटची तारीख: २१ जुलै १८९६. नवखा संग्राहक इथेच हुरळतो. बिल्ला १८९६ सालचा निघाला!

तसं काही नसतं. ती तारीख बिल्ल्याची नाही, बिल्ला बनवण्याच्या पद्धतीची. न्यू जर्सीतल्या न्यूअर्क शहरात १८९२ साली सुरू झालेल्या ‘व्हाइटहेड अँड होग’ या कंपनीने पत्र्याची वाटी, त्यावर छापील कागद, त्यावर सेल्युलॉइडचा पारदर्शक पापुद्रा आणि मागून सगळं आवळून धरणारं कडं, अशी रचना पक्की केली. सेल्युलॉइडचा मोठा कारखाना त्याच शहरात होता, त्यामुळे कच्चा माल हाताशी. १८९६ च्या मॅकिन्ली विरुद्ध ब्रायन या अध्यक्षीय निवडणुकीत हे बिल्ले देशभर छातीवर मिरवले. सिगारेटवाले आणि च्युइंगगमवाले लगोलग त्यांच्या मागे धावले आणि खेळाडूंच्या छबीचे बिल्ले पाकिटाबरोबर मिळू लागले. पेटंटची तारीख मात्र नंतरच्या वर्षांतल्या बिल्ल्यांवरही तशीच छापली जात राहिली. म्हणजे ती सांगते एवढंच, की बिल्ला याच्या आधीचा नाही.

‘स्वीट कॅपोरल’ सिगारेटचे प्रसिद्ध बिल्ले १९१० ते १९१२ या काळातले. दीडशेहून अधिक खेळाडू, व्यास पाऊण इंचाहून किंचित जास्त. त्यात काही खेळाडूंची नावं दोन आकारांच्या अक्षरांत आढळतात, आणि मोठ्या अक्षरांचे बिल्ले कमी सापडतात. चेहरा तोच असला तरी भाव वेगळा.

दुसरा पक्का समज असा, की सेल्युलॉइड म्हणजे जुनं आणि थेट पत्र्यावर छापलेलं म्हणजे अलीकडचं किंवा बनावट. आपल्याकडे निवडणुकीत पोरं गोळा करायची ते पत्र्याचे बिल्ले डोळ्यांसमोर असले की हा समज आणखी घट्ट होतो. पण ‘ऑर्बिट’ गमचे १९३२ चे अस्सल बिल्ले पत्र्यावर छापलेलेच आहेत. १९५६ चा ‘टॉप्स’ कंपनीचा ६० बिल्ल्यांचा संचही तसाच. उलट १९४० ते ६० च्या दशकांत मैदानाबाहेर विकले जाणारे मोठे बिल्ले पारदर्शक पापुद्र्याखाली छायाचित्र ठेवून केलेले असत. त्यांना फीत आणि तिच्या टोकाला इवलीशी बॅट, चेंडू किंवा हातमोजा लोंबत असे. फीत हरवली की लोक तो बिल्ला आधीच्या पिढीतला समजतात.

‘टॉप्स’चा संच आणखी एक भ्रम मोडतो. मोठा खेळाडू म्हणजे दुर्मीळ बिल्ला, असं धरून चालतात. या संचात टेड विल्यम्स आहे, पण शोधताना घाम फोडतात ते चक डायरिंग, हेक्टर लोपेझ आणि चक स्टॉब्स. ही नावं ऐकून अमेरिकेतला सर्वसाधारण रसिकही क्षणभर विचारात पडेल.

संघाच्या बिल्ल्याचं वय काढायचं तर कागदापेक्षा संघाचं नाव जास्त कामाला येतं. अमेरिकेत संघ बिऱ्हाडासकट गाव बदलतात. ब्रुकलिनचे डॉजर्स १९५७ च्या हंगामानंतर लॉस एंजेलिसला गेले. बॉस्टनचे ब्रेव्हज १९३६ ते १९४० या पाच वर्षांत ‘बीज’ म्हणजे मधमाश्या म्हणवून घेत होते, तेव्हा ‘बॉस्टन बीज’ लिहिलेल्या बिल्ल्याचा काळ जवळजवळ हातात आला. ‘सिअॅटल पायलट्स’ तर १९६९ चा एकच हंगाम खेळले आणि मिलवॉकीला निघून गेले. ‘वॉशिंग्टन सेनेटर्स’ मात्र चकवतो: १९६० पर्यंतचा संघ मिनेसोटाला गेला आणि १९६१ पासून त्याच नावाचा दुसराच संघ वॉशिंग्टनमध्ये उभा राहिला, जो १९७२ मध्ये टेक्सासला गेला. त्यात जुनी नावं आठवण म्हणून आजही नव्या वस्तूंवर छापली जातात. नाव वाचून थांबून चालत नाही, हे त्यामुळेच.

गंज म्हणजे वयाचा दाखला, हाही असाच एक समज. ओलसर जागेत ठेवलेला नवा पत्राही गंजतो. नक्कल ओळखायची एक साधी खूण आहे. जुन्या बिल्ल्याचं चित्र उचलून नवा केला, की मूळ बिल्ल्यावरचा चरा आणि डागही चित्रात छापून येतात. भिंगातून चरा दिसतो, पण नख फिरवलं की काहीच लागत नाही. ज्याने ही फसवणूक एकदा अनुभवली, तो पुन्हा नख फिरवल्याशिवाय पाकीट काढत नाही.

बनावट बिल्ल्यावर तशी खूण असणं कायद्याने सक्तीचं आहे, असंही काहीजण ठामपणे सांगतात. अमेरिकेत १९७३ चा छंदसंरक्षण कायदा आहे खरा. पण त्याची खुणेची सक्ती आहे राजकीय वस्तूंच्या आणि नाणी-पदकांच्या नकलांवर. बेसबॉलचा बिल्ला त्यात येतच नाही. तेव्हा कडेवर खूण नाही म्हणजे माल अस्सल, हे गणित चुकीचं.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज स्वच्छतेचा आहे. ओलं फडकं फिरवलं की पाणी कडेतून आत उतरतं आणि कागदावर तपकिरी डाग पसरतात, ते पुन्हा जात नाहीत. नेलपॉलिश काढायचं द्रव तर लावूच नये. त्यातल्या अॅसिटोनमध्ये सेल्युलॉइड विरघळतं. हवाबंद डबीही घातकच. जुनं सेल्युलॉइड सावकाश विघटित होत आम्लाची वाफ सोडतं. ती वाफ आत कोंडली की पत्रा आतून खाल्ला जातो आणि शेजारच्या बिल्ल्यांनाही बाधा होते. सुक्या मऊ कापडाने हलकेच पुसावं आणि थंड, कोरड्या, हवा खेळणाऱ्या जागी, उन्हापासून लांब ठेवावं. टाचणी गंजली असेल तर ती बदलण्याचाही मोह टाळावा, कारण खरेदी करणारा जाणकार बिल्ला हातात घेतला की आधी तोच पालथा करतो.