दोन भाषांचे शब्द डोक्यात कुठे राहतात?

सीमाभागात मराठी आणि कन्नड, नागपुरात मराठी आणि हिंदी, गोव्यात कोकणी आणि मराठी. एकाच माणसाच्या तोंडी दोन भाषा असणं आपल्याकडे नवं नाही. मग अशा माणसाच्या डोक्यात दोन वेगळे शब्दकोश असतात का?

कोठार एक की दोन?

भाषाशास्त्रज्ञ युरिएल वाइनराइख यांनी १९५३ साली तीन शक्यता मांडल्या. एक, दोन्ही भाषांतल्या शब्दांना आपापला वेगळा अर्थ असतो. दोन, शब्द दोन पण अर्थ एकच. तीन, नव्या भाषेतला शब्द पहिल्या भाषेतल्या शब्दामार्फत अर्थापर्यंत पोहोचतो. जुडिथ क्रोल आणि एरिका स्ट्यूअर्ट यांनी १९९४ मध्ये या विचाराला नेमकं रूप दिलं: अर्थांचं कोठार सामायिक, शब्दांची मात्र दोन. नवशिक्या माणसाला 'विंडो' ऐकल्यावर आधी 'खिडकी' आठवते. सराव वाढला की 'विंडो' ऐकताच खिडकीच डोळ्यांपुढे येते.

दोन्ही भाषा जाग्या

एक भाषा बोलताना दुसरी बंद होत नाही. मायकल स्पायवी आणि व्हिओरिका मेरियन यांनी १९९९ मध्ये रशियन-इंग्रजी द्विभाषकांवर एक प्रयोग केला. समोर काही वस्तू ठेवल्या आणि रशियनमधून टपाल तिकीट उचलायला सांगितलं. रशियनमध्ये तिकिटाला 'मार्का' म्हणतात. तो शब्द कानावर पडताच अनेकांची नजर क्षणभर शेजारच्या मार्कर पेनाकडे गेली. कोणी इंग्रजीत एक अक्षर बोललं नव्हतं, तरी इंग्रजी शब्द जागा झाला होता.

याचा फायदाही होतो. कॅटलान-स्पॅनिश द्विभाषकांना चित्रं दाखवली, तेव्हा दोन्ही भाषांत सारखी वाटणारी नावं त्यांनी अधिक लवकर सांगितली.

हवा तोच शब्द कसा येतो?

डेव्हिड ग्रीन यांच्या १९९८ च्या मांडणीनुसार नको असलेल्या भाषेचे शब्द मेंदू दाबून धरतो. पुढच्याच वर्षी रेनाटा म्यूटर आणि ॲलन ऑलपोर्ट यांनी लोकांना भाषा बदलत आकडे वाचायला लावले. त्यात कच्च्या भाषेतून पक्क्या भाषेत परतताना जास्त वेळ लागला. पक्की भाषा जोरात दाबावी लागते, म्हणून ती मोकळी व्हायलाही वेळ लागतो, असा त्याचा अर्थ लावला गेला.

घरातल्या मुलांसाठी

मूल मराठी वाक्यात इंग्रजी शब्द मिसळतं, तेव्हा त्याचा गोंधळ उडालेला नसतो. जो शब्द आधी हाती लागतो, तो ते वापरतं. त्याचा शब्दसंग्रह मोजायचा तर दोन्ही भाषांतला मिळून मोजायला हवा. शाळेची भाषा पक्की व्हावी म्हणून घरातली मराठी बंद करू नका. मुलांशी मराठीत भरपूर बोला, त्यांना वाचून दाखवा. दोन्ही भाषा वापरात राहिल्या, तरच दोन्ही टिकतात.