गिलावा

गिलावा म्हणजे भिंती, छत किंवा खांब यांच्या पृष्ठभागावर चढवलेला माती, चुना, सिमेंट अथवा जिप्सम यांचा थर होय. गिलाव्यामुळे पृष्ठभाग सपाट होतो, बांधकामाचे पावसापासून रक्षण होते व रंगाला आधार मिळतो. मात्र तो इमारतीचा भार पेलत नाही.

साहित्य व पद्धती

चुन्याचा गिलावा हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून सावकाश घट्ट होतो. सिमेंटचा गिलावा पाण्याशी होणाऱ्या रासायनिक क्रियेने घट्ट होतो, म्हणून त्यावर किमान ७ दिवस पाणी मारतात. सर्वसाधारणपणे आतील भिंतींना १२ ते १५ मिमी, छताला ६ मिमी, तर बाहेरून दोन थरांत सुमारे २० मिमी जाडीचा गिलावा करतात. वीट व काँक्रीट यांच्या सांध्यावर भेग पडू नये म्हणून तेथे आधी तारेची जाळी ठोकतात.

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर परिसर

अंबरनाथच्या शिवमंदिराचे (इ.स. १०६०) बाह्यांग गिलाव्याविना, कोरीव काळ्या दगडाचे आहे. विटा व काँक्रीटच्या घरांना मात्र येथील मुसळधार पावसात बाह्य गिलाव्याची गरज असते. बदलापुरात उल्हास नदीच्या पुराचे पाणी सखल भागांतील घरांत शिरते. भिंतीत मुरलेले पाणी सुकताना क्षार पृष्ठभागावर येतात. त्यास लोणा म्हणतात. ओल कायम असताना नवा रंग दिल्यास त्याचे पापुद्रे सुटतात.

उल्हासनगर हे फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना लष्करी छावणीच्या बराकींत आसरा मिळून वसलेले शहर आहे. पुढे तेथे बहुमजली इमारती उभ्या राहिल्या. २८ मे २०२१ रोजी तेथील साईशक्ती इमारतीचा स्लॅब कोसळून ७ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर जुन्या इमारतींच्या तपासणीचा प्रश्न ऐरणीवर आला.

दोषांची लक्षणे

स्लॅबमध्ये पाणी झिरपल्यास सळया गंजतात. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असल्याने सळईखालचे काँक्रीट फुटून सुटते. सळईच्या रेषेत पडलेली भेग व तांबूस डाग ही त्याची लक्षणे होत. हातोडीने हलके ठोकल्यावर पोकळ आवाज आल्यास थर सुटलेला असतो. अशा ठिकाणी केवळ नवा गिलावा केल्यास दोष झाकला जातो, दूर होत नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ नुसार ३० वर्षे पूर्ण झालेल्या इमारतींची संरचनात्मक तपासणी नोंदणीकृत अभियंत्याकडून करून घेणे मालकावर किंवा भोगवटादारावर बंधनकारक आहे.