आधी दोरा, मग ब्रश

तंजावरकडच्या पंगतीची सांगता कुंभकोणमच्या विड्याच्या पानाने होते. सुपारीचे खांड दाढांच्या फटीत अडकले की लगेच कळते, कारण ते बोचते. त्याच फटीत जिवाणूंचा चिकट थर रोज साचत असतो, तो मात्र बोचत नाही. भातातले पिष्ट आणि गोडाधोडातली साखर यांपासून हे जिवाणू आम्ल तयार करतात. आम्लाने दाताचे कठीण कवच विरघळू लागते आणि कीड धरते. थर हिरडीच्या कडेला राहिला तर हिरडी सुजून रक्त येते. दोन दात जिथे एकमेकांना टेकतात तिथे ब्रशचे केस पोचत नाहीत, तिथे फ्लॉस म्हणजे दातांचा दोराच जातो. तो ब्रशच्या आधी फिरवावा की नंतर, हा प्रश्न किरकोळ वाटेल. पण त्याचे उत्तर शोधता येते, आणि आज हाती असलेला पुरावा पाहता ते ‘आधी’ असे आहे.

दातांची निगा आपल्याला नवी नाही. दिवसातून दोनदा दातवण करावे आणि ते हिरड्यांना न दुखवता करावे, असे चरकसंहिता सांगते. वड आणि बाभूळ यांनी दात बळकट होतात, अशी म्हण तमिळ मुलखात प्रचलित आहे. पण दातवणाची काडी दाताच्या मोकळ्या बाजूंवर फिरते, फटीत शिरत नाही. फटीसाठी मेण लावलेला रेशमी दोरा वापरावा, असा सल्ला अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचे दंतवैद्य लेव्ही स्पीअर पार्म्ली यांनी १८१९ साली पुस्तकातून दिला. तेव्हा तंजावरच्या गादीवर दुसरे सरफोजी राजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) होते. त्यांच्या धन्वंतरी महालात औषधे रुग्णांवर वापरून पारखली जात, आणि गुणकारी ठरलेले उपचार ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या नावाने तमिळ पद्यांत बांधले गेले. त्या काळातल्या नेत्ररुग्णांच्या नोंदी डोळ्यांच्या चित्रांसह जपल्या गेल्या आहेत. परंपरेचा मान राखायचा, पण करून पाहिल्याशिवाय लिहायचे नाही, ही त्या महालाची शिस्त. दोऱ्याचा प्रश्नही त्याच शिस्तीने सोडवायला हवा.

तसा तो इराणमधल्या मशहदच्या संशोधकांनी तपासला. त्यांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. दंतवैद्यकाच्या २५ विद्यार्थ्यांनी एका टप्प्यात आधी ब्रश, मग दोरा आणि दुसऱ्या टप्प्यात आधी दोरा, मग ब्रश असा क्रम पाळला. माणसे तीच राहिल्यामुळे फरक क्रमाचाच आहे, असे म्हणायला आधार मिळाला. आधी दोरा फिरवल्यावर फटीतला थर अधिक कमी झाला आणि तिथे टूथपेस्टमधले फ्लोराइडही जास्त टिकले. कारण समजण्यासारखे आहे. दोऱ्याने थर सुटा होतो, पण सुटलेला सगळाच ऐवज बाहेर पडत नाही. मागून येणारा ब्रश आणि चूळ तो वाहून नेतात. शिवाय फट मोकळी झाली की पेस्ट आत शिरते.

यावर तीन आक्षेप येऊ शकतात. पहिला असा की २५ जणांवरून जगाला नियम सांगता येत नाही. खरे आहे, म्हणूनच दोन्ही क्रम चालतील, दोरा मात्र नीट फिरवा, असे अमेरिकेची दंतवैद्यक संघटना सांगते. पण दोन्ही क्रमांना कष्ट सारखेच पडत असतील, तर थोडा का होईना पुरावा ज्या बाजूला आहे ती बाजू घेणेच शहाणपणाचे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ब्रिटनमधल्या २०१३ सालच्या एका छोट्या अभ्यासात, ब्रशनंतर दोरा वापरणाऱ्यांची सवय आठ महिन्यांनी अधिक पक्की आढळली. ब्रश ही रोजची खूण ठरते आणि तिच्या मागे दुसरे काम आपोआप येते. म्हणून ज्याची सवय ‘नंतर’वर बसली आहे, त्याने ती मोडू नये, रोज नंतर फिरवलेला दोरा कधीमधी आधी फिरवलेल्या दोऱ्यापेक्षा केव्हाही चांगला. तिसरा आक्षेप दोऱ्यावरच आहे. २०१९ सालच्या कॉक्रेन आढाव्यात ३५ चाचण्या एकत्र पाहिल्या गेल्या. ब्रशला दोऱ्याची जोड दिल्यास हिरड्यांची सूज कमी होऊ शकते, पण पुरावा कच्चा आहे, असे त्यात निघाले. फटीत घालायचे बारीक ब्रश दोऱ्याहून सरस असू शकतात, असेही त्यात दिसले. तेव्हा ज्यांच्या दातांत मोठ्या फटी आहेत त्यांनी दंतवैद्याला विचारून ते वापरावेत. क्रमाचा तर्क तिथेही तोच लागू पडतो.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने रात्री झोपण्यापूर्वी आधी दोरा घ्यावा. तो फटीत दाणकन दाबू नये. दाताला कवेत घेऊन हिरडीच्या कडेपर्यंत हळुवार वर-खाली फिरवावा. हिरड्यांना न दुखवण्याचा चरकाचा दंडक इथेही तितकाच खरा आहे. मग फ्लोराइडच्या पेस्टने ब्रश करावा. बाजारातल्या कित्येक वनौषधी पेस्टमध्ये फ्लोराइड नसते, तिथे या क्रमाचा अर्धा लाभ वाया जातो. शेवटी फेस थुंकून टाकावा, पण चुळांवर चुळा भरू नयेत. मोकळ्या केलेल्या फटीत जे औषध पोचले, ते रात्रभर तिथेच राहू द्यावे. दोरा आधी घेण्याचे खरे कारणही हेच आहे.