फाइलमधली एकच ओळ बदलायचीये? स्क्रिप्टला नीट पत्ता सांगा

नाशिक विभागात पाच जिल्हे आहेत: नाशिक, धुळे, जळगाव, नंदुरबार आणि अहिल्यानगर. यातल्या शेवटच्या जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये बदललं. तुमच्याकडच्या जुन्या टेक्स्ट फाइलींत अजून ‘अहमदनगर’ असेल, तर ती ओळ बदलावी लागेल. एकच फाइल असेल तर हाताने बदला. पन्नास असतील तर स्क्रिप्ट हवी.

पहिल्यांदा सुचतं ते ‘फाइंड अँड रिप्लेस’. पण समजा, यादीच्या खाली असंही लिहिलंय: ‘अहमदनगरची निजामशाही १६३६ मध्ये संपली.’ सरसकट बदल केला तर तिथे ‘अहिल्यानगरची निजामशाही’ होईल. अहिल्याबाई होळकरांचा जन्म १७२५ चा! यादी सुधारली, पण इतिहास बिघडला.

म्हणून नुसता शब्द नाही, अख्खी ओळ शोधायची. त्यासाठी ‘सेड’ ही कमांड आहे. १९७० च्या दशकात बेल लॅब्समध्ये ली मॅकमहॉन यांनी ती लिहिली. अँड्रॉइड फोनवर टर्मक्स ॲपमध्ये ती चालते. तिला ओळीचा पत्ता असा द्यायचा:

/^अहमदनगर$/

^ म्हणजे ओळीची सुरुवात, $ म्हणजे शेवट. या दोघांच्या मधे फक्त तेवढाच शब्द असलेली ओळच सापडते. निजामशाहीची ओळ सुरक्षित राहते. पत्त्याला लागूनच इंग्रजी छोटं ‘सी’ टाका, म्हणजे ‘चेंज’, आणि त्यापुढे नवी ओळ: अहिल्यानगर. पत्त्यापासून इथपर्यंतचं सगळं एकेरी अवतरण चिन्हांत ठेवा. मग स्पेस देऊन फाइलचं नाव.

आता तीन गोष्टी लक्षात ठेवा.

१. आधी कमांड अशीच चालवा. बदललेला मजकूर फक्त स्क्रीनवर दिसतो, मूळ फाइलला धक्का लागत नाही.

२. सगळं बरोबर दिसलं की ‘सेड’नंतर स्पेस देऊन हायफन, छोटं ‘आय’ आणि त्याला चिकटून ‘.बॅक’ हे इंग्रजी अक्षरांत लिहा. फाइल बदलते आणि जुनी प्रतही शिल्लक राहते. एका फाइलवर जमलं की मगच बाकीच्या घ्या.

३. ओळ बदललीच नाही? शब्दानंतर एखादी स्पेस राहिली असेल. फाइल विंडोजवर बनवलेली असेल, तर ओळीच्या शेवटी एक न दिसणारं अक्षर असतं. ते असलं की $ जुळत नाही. आधी ते काढा.