खोक्यावरचा आकडा आणि चिऱ्याची भिंत

राउटरच्या खोक्यावर 'एएक्स ३०००' असं ठळक छापलेलं असतं आणि दुकानात तो आकडा तीन गिगाबिटचा वेग म्हणून खपतो. प्रत्यक्षात ती बेरीज आहे. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरचे ५७४ मेगाबिट आणि ५ गिगाहर्ट्झवरचे २४०२, मिळून जवळपास तीन हजार. मोबाइल एरवी एका वेळी यातल्या एकाच पट्ट्याला जोडलेला असतो, त्यामुळे ही बेरीज कुणा एकाच्या पदरात पडत नाही. २४०२ गाठायचे तर मोबाइललाही १६० मेगाहर्ट्झ रुंदीची वाहिनी पेलावी लागते. बरेच मोबाइल ८०वरच थांबतात आणि आकडा १२०१वर येतो. त्यातलाही मोठा वाटा उपकरणांनी आपापली पाळी सांभाळण्यात जातो. याहून खटकणारी गोष्ट राउटरच्या मागच्या बाजूला आहे. अशा अनेक राउटरांत इंटरनेट आत घेणारं पोर्टच एक गिगाबिटचं असतं. मग दोन गिगाबिटचा प्लॅन घेतला तरी आत येणार एकच.

मालवण, आचरा, देवबाग या पट्ट्यात फायबर घेऊनही वेग मिळत नाही अशी ज्यांची तक्रार आहे, त्यांनी आधी घराच्या आत शोध घ्यावा, असं माझं म्हणणं आहे. लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडून स्पीड टेस्ट करावी. ३०० मेगाबिटच्या प्लॅनवर आकडा पुन्हा पुन्हा ९४च्या आसपास अडकत असेल, तर फायबरला दोष देऊ नये. केबलमध्ये आठ बारीक तारा असतात आणि गिगाबिटला आठही लागतात. खाऱ्या हवेने टोकाच्या पिना गंजल्या, किंवा क्रिंप करताना एखादी तार नीट बसली नाही, की उपकरणं चार तारांवर भागवतात आणि १०० मेगाबिटवर स्थिरावतात. त्यातले पाच-सहा प्रत्येक पाकिटावरच्या पत्त्याबित्त्यात खर्च होतात, उरतात ९४. गिगाबिटच्या पोर्टवर हाच हिशेब ९४०ला येतो.

केबल ठीक निघाली तर भिंतीकडे वळायचं. जुनं घर चिऱ्याचं, भिंती फूट-दीड फूट जाड. कनेक्शन देणारा फायबर पडवीतून आत घेतो आणि जवळ प्लग दिसेल तिथे राउटर लावून जातो. तिथून माजघर, स्वयंपाकघर, मागची खोली गाठायची तर वाटेत दोन-तीन भिंती. ५ गिगाहर्ट्झची लहर वेग जास्त देते, पण भिंतीत लवकर विरते, २.४ची पुढपर्यंत जाते, पण वेगात कमी. पावसाळ्यात सच्छिद्र चिरा ओल धरतो, आणि पाणी या लहरी शोषून घेतं. होमस्टेच्या मागच्या खोलीतला पाहुणा नेट नाही म्हणून कुरकुरत असतो, तेव्हा पडवीत ते पूर्ण वेगाने पोचलेलं असू शकतं.

यात कंपन्यांना मोकळं सोडलं, असं कुणी म्हणेल. तसं नाही. जीपॉन पद्धतीच्या फायबरची एक ओळ २.४८८ गिगाबिट आणते आणि ती बऱ्याचदा ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते. तिच्यावर एका घराला दोन गिगाबिट विकणं म्हणजे बाकीचे वापरत नसतील या भरवशावर विकणं. खरोखरचे अनेक गिगाबिट द्यायचे तर एक्सजीएस-पॉनची १० गिगाबिटची ओळ हवी. दूरसंचार नियामक ट्रायच्या २००६च्या नियमांत घेतलेल्या वेगाच्या ८० टक्क्यांहून अधिक वेग मिळावा असा दंडक होता, पण तो कंपनीच्या केंद्रापासून ग्राहकापर्यंतच्या ओळीचा. घरातल्या वाय-फायचं काय होतं ते त्यात येत नव्हतं. केबलवरचा आणि वाय-फायवरचा वेग जाहिरातीत वेगवेगळा छापायची सक्ती व्हायलाच हवी.

मेश, म्हणजे घरभर वाय-फाय पसरवणारे जोडीचे डबे, लावला की झालं, हा दुसरा आक्षेप. मेश उपयोगी आहे, पण त्याचे दोन डबे एकाच पट्ट्यावर एकमेकांशी आणि मोबाइलशीही बोलत असतील, तर वेग साधारण निम्म्यावर येतो. डब्यांमध्ये केबल असेल तर ही अडचण उरत नाही. मुळात गरज किती तेही पाहावं. फोर-के चित्रपटाला १५ ते २५ मेगाबिट पुरतात. चार खोल्यांच्या होमस्टेला नीट पोचलेले १०० मेगाबिट पडवीत अडकलेल्या गिगाबिटपेक्षा जास्त कामाचे. नवं बांधकाम चालू असेल तर गिलाव्याआधी प्रत्येक खोलीपर्यंत विजेच्या वायरींपासून वेगळा पाइप टाकून कॅट-सिक्स केबल ओढून घ्यावी. जुन्या घरात ती माळ्यावरून, कौलांखालून नेता येते. आणि नवीन कनेक्शन घेताना फायबर माजघरापर्यंत आत आणून द्यायला सांगावं, राउटर भिंतीला ठोकण्याआधीच.