रेड क्रॉस आणि आपले घर

नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणाऱ्या वाटेवर, कोलार नदीच्या काठी, सावनेर हे तालुक्याचे गाव आहे. महाराष्ट्रातील वाचनप्रिय कुटुंबांस हे नाव परिचित आहे ते एका शोककारक घटनेमुळे. राम गणेश गडकरी यांनी आपल्या आयुष्याचे अखेरचे दिवस येथे काढले, ‘भावबंधन’ हे नाटक दुखण्यातच पुरे केले आणि वयाची चौतीस वर्षेही पुरी झाली नसता २३ जानेवारी १९१९ रोजी या गावी देह ठेवला. त्याच सुमारास, म्हणजे १९१८ च्या उत्तरार्धात, इन्फ्लुएंझाच्या साथीने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली होती, आणि ज्या प्रांतांस तिचा सर्वांत जबर तडाखा बसला त्यांत मध्यप्रांताची गणना होत असे. त्या काळी दुखणाइतास आधार काय तो घरच्या माणसांचा. घरची माणसेच अंथरुणास खिळली म्हणजे शेजाऱ्यांचा, आणि शेजारीही पडले म्हणजे मग कोणाचाच नाही. साऱ्या देशास आपले कुटुंब मानून संकटाच्या आधीच सिद्ध राहील अशी राष्ट्रीय संस्था तेव्हा आपल्याकडे नव्हती.

ती पुढच्याच वर्षी झाली. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांची शुश्रूषा सेंट जॉन अँब्युलन्स व ब्रिटिश रेड क्रॉस यांची संयुक्त समिती करीत असे. युद्ध संपल्यावर हे कार्य शांततेच्या काळातही चालावे म्हणून सर क्लॉड हिल यांनी ३ मार्च १९२० रोजी कायदेमंडळात विधेयक मांडले. त्याच महिन्यात १९२० चा पंधरावा कायदा संमत होऊन भारतीय रेड क्रॉस सोसायटी अस्तित्वात आली. आज भारताचे राष्ट्रपती तिचे अध्यक्ष असतात. राज्याराज्यांत तिच्या शाखा आहेत, जिल्ह्याच्या शाखेचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे असते, आणि जेथे मनापासून काम करणारी माणसे मिळतात तेथे हे कार्य तालुक्यापर्यंत पोहोचते. पूर, भूकंप व दुष्काळ यांत अन्नवस्त्र पुरविणे, रक्तपेढ्या चालविणे, प्रथमोपचार शिकविणे, माता व बालके यांची काळजी घेणे, शाळांतील मुलांस ज्युनिअर रेड क्रॉसच्या द्वारे आरोग्याचे व सेवेचे वळण लावणे, ही तिची मुख्य अंगे होत.

पांढऱ्या भूमीवरील तांबडा क्रूस पाहून हे एखाद्या धर्ममताचे चिन्ह असावे असा समज आपल्या कित्येक घरांत अद्यापि आहे. त्याची उत्पत्ती पाहिली असता हा समज टिकत नाही. २४ जून १८५९ रोजी इटलीतील सोल्फेरिनो येथे मोठी लढाई झाली. आंरी ड्युनां नावाचा एक स्विस व्यापारी आपल्या कामाने त्या बाजूस गेला होता. रणांगणावर हजारो जखमी पाण्यावाचून तडफडताना त्याने पाहिले, आणि जवळच्या कास्तिल्योने गावातील स्त्रियांस हाताशी धरून त्यांची सेवा आरंभिली. हा आपल्या बाजूचा, तो शत्रूचा, असा भेद त्या स्त्रियांनी केला नाही. ‘सारे भाऊच’ एवढेच त्या म्हणत. १८६२ साली ड्युनांने हा अनुभव ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला, १८६३ साली जिनिव्हा येथे समिती स्थापन झाली आणि १८६४ साली पहिला जिनिव्हा करार होऊन हे चिन्ह ठरले. स्वित्झर्लंडच्या ध्वजाचे रंग उलटे करून ते केले आहे. त्यात दुसरे रहस्य काही नाही. जखमीस, आणि त्याची शुश्रूषा करणारास, कोणी मारू नये एवढाच त्याचा अर्थ. म्हणूनच १९६० च्या भारतीय कायद्याने ते वाटेल त्यास वापरता येत नाही. वैद्यांनी आपल्या गाडीवर वा दवाखान्यावर शोभेकरिता ते लावणे हेही नियमबाह्यच आहे.

सेवेची कल्पना आपल्या घरांस नवी आहे काय? मुळीच नाही. वार लावून जेवणारा विद्यार्थी, माधुकरी मागणारा बटू, दारी आलेला अतिथी, यांना विन्मुख पाठवू नये हा संस्कार आपल्या आज्या-पणज्यांनी हाडीमाशी खिळविला. कित्येक थोर माणसे अशा वारांवर शिकून पुढे आली हे आपण अभिमानाने सांगतो, आणि तो अभिमान अनाठायीही नाही. परंतु या दानाच्या मर्यादा मोकळ्या मनाने पाहिल्या पाहिजेत. ज्यास आपण जेवू घालीत असू त्याचे कुळ, गोत्र व गाव आपणांस ठाऊक असे. पंगत आपल्यातलीच असे. ओसरीच्या पायरीखाली उभा असलेला माणूस त्या पंगतीस क्वचितच आला, आणि जे त्यास मिळाले ते बहुधा उरलेसुरले होते. रेड क्रॉसचे तत्त्व नेमके येथे आपली परीक्षा पाहते. दान करावे ते संकट येण्यापूर्वी, ज्याचे तोंड कधी पाहिलेले नाही अशा माणसासाठी, आणि तो कोण हे न विचारता. १९६५ साली व्हिएन्ना येथे या चळवळीची जी सात मूलतत्त्वे मान्य झाली, त्यांत मानवतेच्या पाठोपाठ निःपक्षपाताचे नाव येते ते याच कारणाने.

हे आपल्या माणसांस साधणार नाही असे कोणी म्हणू नये. नागपुरातच त्याचे उदाहरण आहे. बालवैधव्य आलेल्या कमलाबाई होस्पेट यांनी परिचारिकेचे शिक्षण घेतले आणि वेणूताई नेने यांच्या साहाय्याने १९२१ साली मातृसेवा संघ स्थापन केला. विधवेने घराबाहेर पडणे हेच जेव्हा लोकांस खपत नसे, आणि बाळंतिणीस शिवणे म्हणजे विटाळ मानला जाई, त्या काळात त्यांनी प्रसूतिगृह उघडले व परक्या बायकांची बाळंतपणे आपल्या हातांनी केली. कमलाबाईंचा हा संघ रेड क्रॉसची शाखा नव्हे. पण कास्तिल्योनेच्या स्त्रियांचे आणि त्यांचे गोत्र एकच, असे आम्ही म्हणतो.

आता पुन्हा सावनेरकडे वळू. कापूस आणि संत्री यांच्या या मुलखात कोळशाच्या खाणीही आहेत. खाणीत उतरणारा मजूर, दुसऱ्याच्या बागेत संत्री तोडणारी बाई, सातपुड्याच्या उतारावरून मजुरीसाठी खाली येणारी आदिवासी कुटुंबे, हा येथील दुर्बल वर्ग होय. दारिद्र्य तर सर्वत्रच आहे. पण विदर्भातील अशा अनेक कुटुंबांच्या वाट्यास आणखी एक दुःख आले आहे. त्याचे नाव सिकलसेल.

रक्तातील तांबड्या पेशी वाटोळ्या असाव्यात, त्या या विकारात विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि सांध्यांत व छातीत असह्य कळा उठवितात. भारतात हा विकार प्रथम आढळला तो १९५२ साली, निलगिरीच्या डोंगरांत. नागपूरचे डॉ. शुक्ला व डॉ. सोळंकी यांनी १९५८ साली मध्य भारतातील त्याच्या अस्तित्वाविषयी ‘लॅन्सेट’ या विख्यात वैद्यक पत्रात लिहिले. पुढील तपासण्यांत विदर्भातील अनेक आदिवासी, अनुसूचित जाती व इतर मागास समाजांत तो दिसून आला असून, काही जमातींत शंभरांतील वीस ते पस्तीस माणसे त्याचे बीज वाहतात. बीज एकाच बाजूने आले असता माणूस बहुधा धडधाकट राहतो, इतकेच नव्हे तर हिवतापापासून त्यास काहीसे संरक्षण मिळते. म्हणूनच हिवतापाच्या प्रदेशांत ते पिढ्यानुपिढ्या टिकून राहिले. मात्र आई व बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्यास चारांत एक या प्रमाणात पूर्ण आजाराचा संभव असतो. तेव्हा हा कोणाच्या जातीचा कलंक नव्हे, की पूर्वजन्मीचे पातकही नव्हे. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने या विकाराच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम आरंभिली व त्यासाठी २०४७ ही मर्यादा घातली. औषधे आहेत, आणि विवाहापूर्वी तपासणी करण्याचा मार्गही आहे. पण जे मूल आज कळांनी विव्हळत नागपूरच्या मेयो, मेडिकल वा डागा रुग्णालयाच्या दारी आणले जाते, त्याचे रक्त अतिशय उतरले असेल तर तत्काळ हवे असते ते दुसऱ्याचे रक्त. थॅलेसिमियाच्या मुलांस तर ते दर दोन-चार आठवड्यांनी लागते.

आणि रक्त कोणत्याही कारखान्यात होत नाही. मानवी रक्ताचे गट कार्ल लँडस्टायनरने विसाव्या शतकाच्या आरंभी शोधून काढले. मुंबईच्या डॉ. य. म. भेंडे यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली जो अतिविरळ गट उजेडात आणला तो जगात ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणून ओळखला जातो. या साऱ्या शोधांत कोणत्याही शास्त्रज्ञास जातीचा गट आढळला नाही. ‘ओ’ गटाच्या खाणमजुरास ‘ओ’ गटाच्या दशग्रंथी ब्राह्मणाचे रक्त चालते, आणि त्या ब्राह्मणाच्या सुनेस बाळंतपणात रक्तस्राव झाला तर त्या मजुराचे रक्त तिचा प्राण वाचविते. पिशवीवर नाव नसते. देणाऱ्यास घेणारा माहीत नाही, घेणाऱ्यास देणारा माहीत नाही. गुप्तदान श्रेष्ठ असे आपण म्हणत आलो. त्याचे इतके चोख रूप दुसरे कोणते दाखविता येईल?

या कार्याशी रेड क्रॉसचा संबंध जुना आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धामधुमीत, १९४२ साली, कलकत्त्यास जी रक्तपेढी निघाली तिची व्यवस्था या संस्थेकडे होती. पुढे देशात रक्त विकणाऱ्यांचा एक वर्गच निर्माण झाला. पोटासाठी वारंवार रक्त काढणारे हे लोक स्वतः क्षीण होत, आणि त्यांचे रक्त घेणाऱ्यास रोग जडण्याचे भय असे. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, आणि १ जानेवारी १९९८ पासून रक्ताचा विक्रय बंद झाला. विक्रय थांबला म्हणजे दानावरच सर्व भिस्त आली. पण तांबड्या पेशी पस्तीस ते बेचाळीस दिवसांपलीकडे टिकत नाहीत. दिवाळीस भरलेले कोठार संक्रांतीस उपयोगी पडत नाही. विदर्भात वैशाखाचे ऊन पेटते, महाविद्यालये ओस पडतात, शिबिरे थांबतात आणि पेढ्यांची कपाटे रिकामी होऊ लागतात. दुखणे मात्र सुट्टी घेत नाही. सिकलसेल व थॅलेसिमिया यांच्या रुग्णांस रक्त विनामूल्य द्यावे, बदली रक्तदाता मागू नये, असा नियम आहे. परंतु कपाटच रिकामे असेल तर नियम काय देणार?

यास्तव आमचे सांगणे दिल्लीस वा मुंबईस नाही, आपल्या माजघरास आहे. अठरा ते पासष्ट वर्षे वयाच्या, निदान पंचेचाळीस किलो वजनाच्या निरोगी माणसास रक्त देता येते. पुरुषास तीन महिन्यांनी, स्त्रीस चार महिन्यांनी. सुमारे पाच लिटर रक्तातून घेतात ते साडेतीनशे ते साडेचारशे मिलिलिटर. ‘आमचा मुलगा आधीच वाळका, त्याचे रक्त कशाला काढता?’ असे म्हणणाऱ्या मातांची माया आम्ही जाणतो. पण दाता पात्र आहे की नाही हे तपासूनच रक्त घेतात, हेही त्यांनी लक्षात घ्यावे.

या तपासणीत एक निराळेच सत्य आपल्या घरांपुढे उभे राहते. रक्त देण्यास हिमोग्लोबिन साडेबारा लागते, आणि उत्साहाने आलेल्या कितीतरी भगिनींस त्याच अटीवर परत जावे लागते. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब पाहणीत देशातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभर स्त्रियांत सत्तावन्न स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. सर्वांस वाढून मागाहून एकटी जेवणारी, एकादशी, चतुर्थी व सोमवार न चुकविणारी गृहिणी या संख्येत नसेल असे छातीठोकपणे कोण म्हणू शकेल? दुर्बलांची सेवा करू इच्छिणाऱ्या घराने आपल्याच स्वयंपाकघरातील दुर्बलेकडे प्रथम पाहावे. तिच्या ताटात पालेभाजी, डाळ, गूळ व लिंबू पडते की नाही, वैद्याने दिलेल्या लोहाच्या गोळ्या ती घेते की नाही, याची विचारपूस करणे हेही याच कार्यात मोडते.

दुसरी सिद्धता प्रथमोपचाराची. ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या पुराने नागपूर जिल्ह्यातीलच मोवाड गाव बुडाले आणि दोनशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. अशा वेळी बाहेरून मदत येईपर्यंत जे तास जातात ते सर्वांत मोलाचे असतात, आणि त्या तासांत हाताशी असतो तो शेजारीच. वाहते रक्त दाबून धरणे, बुडालेल्याचा श्वास चालू करणे, सर्पदंश झालेल्यास मांत्रिकाकडे न नेता त्वरेने रुग्णालयात पोहोचविणे, हे घरातील एकास जरी येत असले तरी साऱ्या आळीस त्याचा आधार होतो.

वर्षप्रतिपदेस नवे पंचांग घरात येते. कर्त्या पुरुषाने अथवा गृहिणीने त्यात सणवारांच्या व श्राद्धतिथींच्या बरोबरीने रक्तदानाची एक तारीख लिहावी, आणि ती शक्य तो वैशाखात धरावी. आपल्या पितरांच्या नावाने अन्न देण्याची चाल आहेच. त्यांच्याच नावाने एक पिशवी रक्त सावनेरच्या, किंवा कोणत्याही गावच्या, अनोळखी लेकरास पोहोचले, तर पितर रुष्ट होतील असे आम्हांस तरी वाटत नाही.